कार्बन फायबर लॅमिनेटचे आयुष्य: चक्रे मोजावीत की ताठपणा?

थरावरथर: कार्बन फायबरच्या लॅमिनेटचे (तंतूंचे थर रेझिनने, म्हणजे चिकट प्लास्टिकने, बांधून केलेल्या पदार्थाचे) फटिग-आयुष्य, म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून मोडेपर्यंतची चक्रे, मायनरच्या नियमाने काढणे आता सोडून द्यावे, असे माझे मत आहे. प्रत्येक भारपातळीवर आयुष्याचा जेवढा अंश खर्ची पडला त्यांची बेरीज एक झाली की भाग मोडतो, हा नियम मायनर यांनी १९४५ साली ॲल्युमिनियमच्या चाचण्यांवरून मांडला. लॅमिनेटमध्ये मात्र आधी ९० अंशांच्या, म्हणजे भाराला आडवे तंतू असलेल्या, थरांतील रेझिनला भेगा पडतात, त्या ठरावीक अंतरावर दाटून थांबतात, मग कडेपासून थर सुटू लागतात आणि तंतू तुटण्याची पाळी अखेरीस येते. शून्य-नव्वदच्या (उभे-आडवे थर असलेल्या) पट्टीवर मी हे पाहिले आहे: सुरुवातीला ताठपणा झपाट्याने उतरतो, मग आलेख बराच काळ जवळजवळ सपाट चालतो आणि शेवटी पट्टी कडाडून फुटून झाडूसारखी पिंजारते. क्रमाला इतके महत्त्व असताना, क्रमच न पाहणारी बेरीज काय कामाची? त्यापेक्षा उरलेला ताठपणा मोजावा.

पवनपाते: निदान मान्य, उपाय अमान्य. पवनचक्कीच्या पात्यातील कार्बनच्या मुख्य पट्टीत बहुतेक तंतू एकाच दिशेने असतात, आणि अशा लॅमिनेटचा ताठपणा मोडायच्या वेळेपर्यंत फारसा हलतच नाही. आपण मोजणार काय? शिवाय २० वर्षांत पात्यावर १० कोटींच्या आसपास चक्रे येतात. चाचणीचा वेग वाढवला तर नमुना तापतो, म्हणून ५ हर्ट्झवर राहिलो तर एकाच नमुन्याला सुमारे २३१ दिवस लागतील. तेव्हा थोड्या चक्रांवरून पुढचा अंदाज बांधण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या मते मोठी चूक बेरजेच्या आधीच होते. लोक केवळ ताणाच्या चाचण्या करतात आणि दाबाच्या बाजूला गुडमनची सरळ रेषा (सरासरी भारानुसार किती चढउतार सोसेल, हे दाखवणाऱ्या आकृतीतील) ओढून मोकळे होतात. कार्बन लॅमिनेटची दाबातील मजबुती ताणातील मजबुतीपेक्षा सहसा कमी असते, त्यामुळे त्या आकृतीचे शिखर शून्य सरासरी भारावर न राहता ताणाकडे सरकते. ताण-दाब आलटून पालटून देणाऱ्या चाचण्या आधी करा, मग मायनरला नावे ठेवा.

उड्डाणपट्टी: विमानाच्या रचनेत हा वाद बराचसा टाळला जातो. कंपोझिटच्या (अशा तंतू-रेझिन पदार्थाच्या) आयुष्यात विखुरणी एवढी असते, की आयुष्याचा वायबुल आकारांक (विखुरणीचे माप; तो जितका लहान तितकी विखुरणी जास्त) १.२५ धरल्यास एका नमुन्यावर खात्री देण्यासाठी चाचणी विमानाच्या अपेक्षित आयुष्याच्या १३-१४ पट चालवावी लागेल. म्हणून भार सुमारे १५ टक्के वाढवून दीड आयुष्य चालवणे हा रूढ तोडगा आहे, आणि स्ट्रेन (भाराखाली लांबीत होणारा सापेक्ष बदल) इतका कमी ठेवतात की हत्यार पडून झालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी इजाही वाढू नये.

थरावरथर: एकदिश लॅमिनेटबद्दलचा पवनपाते यांचा आक्षेप मला मान्य आहे; माझा आग्रह ९० आणि ४५ अंशांचे थर असलेल्या लॅमिनेटपुरताच ठेवतो. उड्डाणपट्टी यांच्या तोडग्याची किंमत वजनात मोजावी लागते, आणि ती पात्याला परवडेल असे वाटत नाही. पण दाबाच्या चाचणीबद्दल एक शंका उरते. पट्टी थकून मोडली की आधाराअभावी नुसती वाकून, हे आपण कसे ओळखता?

पवनपाते: पट्टी आखूड घेतो, दोन्ही बाजूंना स्ट्रेन गेज लावतो. दोघांची वाचने फाकू लागली, तर तो नमुना हिशेबात धरत नाही.