मदत हवी आहे: ब्रह्मपुरीकडच्या जुन्या लोखंडाच्या खाणीचा काळ कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. राहतो नागपुरात, मामांचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. गावामागच्या टेकडीवर काही खड्डे आणि खडक कापून काढलेला एक लांब चर आहे. गावात त्याला इंग्रजांची खाण म्हणतात. पण आपल्याकडे कुठलाही जुना पूल किंवा विहीर इंग्रजांच्याच नावावर चढते, म्हणून विचारतोय.

दगड जड आणि पट्टेदार आहे, एक थर गारेचा तर एक करडा, चकाकणारा. टाइलच्या पाठीवर घासला की तांबडी रेघ उठते, म्हणजे हेमॅटाइट हे लोहखनिज. लोहचुंबकालाही किंचित धरतो, ते का कळत नाही. खाली नाल्याकाठी मात्र काळे, भोकाभोकाचे लोहकीट, म्हणजे लोखंड गाळून उरलेला मळ, पडले आहे, सोबत भाजलेल्या मातीच्या नळीचे तुकडे. भात्याच्याच असणार.

चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, लोखंडावर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल 1882 साली आला. त्यात तिथल्या लोहारा गावच्या खनिजाची वाखाणणी होती. तो वाचून जमशेटजी टाटांच्या डोक्यात पोलादाचा कारखाना बसला, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही. पुढे दोराबजी नागपुरात असताना सहज अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, शिरले आणि तिथल्या भूगर्भीय नकाशावर त्यांना दुर्गचं लोखंड दिसलं, अशी गोष्ट सांगतात. चांदा मागे पडला. आमचा चर त्या धामधुमीतला असेल का? की सगळं लोहारांचंच? आपल्या पेंचकाठच्या नायकुंडला तर महापाषाण काळातली लोखंडाची भट्टी सापडली आहे, त्यामुळे नुसतं कीट बघून काळ सांगायची हिंमत होत नाही.

जुन्या नोंदी नागपुरात कुठे बघता येतील?

प्रतिसाद
मँगनीज तर नाही ना बाप्पा? मनसर-कांद्रीकडे असेच काळे दगड पडून राहतात.

प्रतिसाद
रेघ तांबडी म्हणताहेत, मग मँगनीज कशाला? त्याची रेघ काळी किंवा काळपट तपकिरी येते. चुंबकाचं कोडंही फार अवघड नाही. मूळचं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला धरणारं लोहखनिज, हवापाण्याने बदलून हेमॅटाइट होतं, पोटात थोडं शिल्लक राहतं, तेवढंच ओढतं.

आता चर. तो पट्ट्यांच्या आडवा कापलाय का, हे आधी बघा. पट्टा किती रुंद आहे ते मोजायला तपासणीवाले असाच चर मारतात. लोहाराला त्याची गरज नव्हती, तो उतारावर सुटा पडलेला, फोडायला सोपा दगड वेचायचा आणि लाकडी कोळशावर गाळायचा. चराच्या भिंतीवर सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या खोबणी दिसल्या, तर काम सुरुंगाची दारू वापरणाऱ्यांचं. चर आणि भट्टी एकाच काळातले असायलाच पाहिजेत असं नाही.

कीट उचलून घरी आणू नका, जागच्या जागी फोटो काढा. एखाद्या तुकड्यात लाकडी कोळसा अडकलेला असेल तर त्यावरून कार्बन पद्धतीने वय काढता येतं, पण ते काम पुरातत्त्ववाल्यांना करू द्या.

नोंदींसाठी आधी 1909 चं चांदा जिल्हा गॅझेटिअर वाचा. मग सेमिनरी हिल्सला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, त्यांचे नकाशे भूकोश या त्यांच्या संकेतस्थळावरही मिळतात. सिव्हिल लाइन्सचा भारतीय खाण ब्यूरो 1948 चा, तेव्हा इंग्रजी अमदानीतल्या गोष्टीसाठी तिथून सुरुवात करू नका.

आणि ब्रह्मपुरीचं जंगल म्हणजे वाघ. वनखात्याला विचारल्याशिवाय, एकट्याने तर मुळीच जाऊ नका.

धागाकर्ता
धन्यवाद दादा. चर पट्ट्यांना आडवाच आहे, फोटोत स्पष्ट दिसतं. सुरुंगाच्या खोबणी साधारण किती रुंद असतात? भिंतीवर शेवाळ आहे, नेमकं काय शोधायचं ते कळलं तर बरं.