चर्च परक्याला मदत करतं, पण जवळ करतं का?

खाडीकाठ:
घरात भांडण होणार हे ठाऊक असूनही लिहितोय. आम्ही वसईचे कॅथलिक मदतीला मागे नाही. कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटलात पेशंटची जात-धर्म कुणी विचारत नाही. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ साली पॅरिसला निघाली, तिचे इथले सभासद आजही गरिबांच्या घरी धान्य पोचवतात. पण धान्य घेणारी बाई रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मागच्या बाकावर बसली, तर तिच्याशेजारी कोण जाऊन बसतं? मिस्सा सुटली की आवारात समाजासमाजाचे घोळके ठरलेले: कुपारी इकडे, वाडवळ तिकडे, कोळी आपल्यात. झारखंडहून बांधकामावर आलेली ख्रिस्ती पोरं गेटपाशी मोबाईल बघत उभी. ती तर आपल्याच धर्माची. मग नवऱ्याने टाकलेली, दारूने बुडालेला, परधर्मी यांचं काय घेऊन बसलात?

सांडोरकर:
घोळके कुठे नसतात रे? शिमग्याच्या पालखीला मानकरी ठरलेले असतातच ना? चर्चलाच का धारेवर धरतोस?
दारूचं म्हणशील तर व्यसनमुक्तीचं काम करणारं कृपा फाउंडेशन फादर ज्यो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये सुरू केलं. ते स्वतः योगगुरू अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे तिथे योगासनंही असतात. माझा एक भंडारी दोस्त अशाच एका केंद्रात राहून आला. बाप्तिस्म्याचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. पहाटे उठायचं, अंथरूण घडी करायचं, आसनं, मग सगळ्यांसमोर बसून स्वतःबद्दल खरं बोलायचं. घरच्यांनी दार लावून घेतलं होतं त्याला. आता बोल, जवळ कुणी केलं?

मिरकरवाडा:
मी हिंदू, रत्नागिरीचा. इथली दुसरी बाजू सांगतो. बोटीवरच्या एका नेपाळी खलाशाला प्रार्थनासभेवाल्यांनी तापात डॉक्टरकडे नेलं, औषधाचे पैसे भरले. चांगलंच केलं. पण तो पुढचे दोन रविवार सभेला गेला नाही, तसे त्यांचे फोन बंद. याला माया म्हणायचं की उधारी?

वेंगुर्लेकरीण:
एका सभेवरून सगळ्यांना झोडपू नका. आमच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं सेंट ल्यूक हॉस्पिटल होतं. डॉ. गोहीन तिथलेच. त्यांचा मुलगा १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला आणि पुढे अमेरिकेचा राजदूत होऊन भारतात आला. माझी आजी त्या हॉस्पिटलात बाळंत झाली. घरी आल्यावर तिने रवळनाथाला नारळ ठेवला, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी असेच उपचार घेतले.

खाडीकाठ:
ताई, हॉस्पिटलबद्दल माझा वाद नाहीच. तिथे माणूस पेशंट म्हणून येतो आणि बरा होऊन जातो. मी म्हणतोय ते, राहायला आलेल्याचं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक बघा. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, वर्षानुवर्षं मिशनचं काम केलं आणि १९१७ मध्ये ते सोडून ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. म्हणजे मिशनच्या चौकटीत ती जागा पुरत नव्हती, असंच ना?

सांडोरकर:
टिळकांना मीही मानतो. पण दोन वर्षांत, १९१९ ला ते वारले. एका माणसाच्या जिवावर उभं केलेलं किती टिकणार? हॉस्पिटल टिकतं कारण मागे ट्रस्ट असतो, हिशेब असतो.
आणि आजची अडचण कुणी बोलतच नाही. परधर्मीयाच्या घरी दोनदा गेलं की धर्मांतराची बोंब, नाही गेलं की तुझ्यासारखे धागे. फादरांनी करायचं काय? हजारो धर्मग्रामस्थ आणि धर्मगुरू दोन-तीन.

मिरकरवाडा:
बोंब उगाच होत नाही, वर सांगितलंच. पण ती झारखंडची पोरं तर ख्रिस्तीच आहेत. तिथे कसली भीती? त्यांच्यासाठी हिंदीत मिस्सा ठेवता का?

खाडीकाठ:
महिन्यातून एक ठेवा आणि नंतर चहा द्या, असं मी पॅरिश कौन्सिलात, म्हणजे आमच्या चर्चच्या समितीत, मांडलं होतं. अर्धा तास चर्चा झाली ती चहाचा खर्च कुणी करायचा यावर.

सांडोरकर:
चहा माझ्याकडून, परत मांड. पण घोळक्यातून उठून गेटपर्यंत तू जायचंस. आजवर गेलायस का एकदा तरी?