एचबी (हिमोग्लोबिन) ९.४ आलंय, कोल्हापुरात सहज मिळेल असं काय खाऊ?

रंकाळाकाठ:
नमस्कार सगळ्यांना. माझं वय ३६, उद्यमनगरात एका ऑफिसात अकाउंट्स बघते. गेले काही महिने जिना चढला की धाप लागते, केस लई जातायत, संध्याकाळी घरी आलं की पोरांवर उगाच चिडचिड होते. तपासणीत एचबी ९.४ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि खाणं सुधारा म्हणाल्या, पण म्हणजे नेमकं काय ते विचारायचं राहिलं. सासूबाई म्हणतात गूळ शेंगदाणे खा, खजूर खा, ते खातेच की रोज सकाळी, डब्याच्या गडबडीत चहाबरोबर मूठभर. मटण रविवारीच, आणि श्रावणात ते पण बंद. पावडरचे महागडे डबे नकोत, कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिळेल असंच सांगा प्लीज.

आहारवाली_ताई:
मी आहारतज्ज्ञ आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी हे की गोळी बंद करू नकोस. गरोदर नसलेल्या बाईचं एचबी १२ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया (रक्त कमी असणं) म्हणतात, आणि ९.४ वरनं नुसत्या खाण्यानं वर यायचं म्हणजे फार वेळ लागतो. एचबी नॉर्मल आल्यावरसुद्धा अंगातला लोहाचा साठा भरायला साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात, ते डॉक्टरांना विचार, मनानं थांबवू नकोस.

आता खाणं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत बाईला दिवसाला २९ मिलीग्रॅम लोह सांगितलंय आणि पुरुषाला १९, कारण पाळीत दर महिन्याला रक्त जातं. म्हणजे गरज आपली जास्त, आणि ताटात बघितलं तर बरोबर उलटं असतं. रविवारी मटण केलं की पीस आधी पोरांच्या आणि पुरुषांच्या ताटात, बाईच्या वाटीत पांढरा रस्सा आणि भात. रश्शाला चव कितीही असू दे, लोह मटणाच्या तुकड्यात असतं आणि त्याहून जास्त काळजात (कलेजीत). मटणातलं लोह अंगाला लागतं पण चांगलं, पालेभाजी-डाळीतलं त्या मानानं कमी. तेव्हा पीस स्वतःला आधी वाढून घे, हे मी मनापासून सांगतेय.

दुसरं म्हणजे चहा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, मग शेंगदाणे खाऊन पण फायदा अर्धामुर्धाच. जेवण आणि चहा यात किमान तासाभराचं अंतर ठेव. आणि गूळ चांगलाच आहे पण दोन खड्यातून मिळून मिळून किती लोह मिळणार, त्याच्या भरवशावर राहू नकोस. प्रत्येक जेवणात लिंबू, आवळा, पेरू असं काहीतरी ठेव, सी व्हिटॅमिनमुळे डाळी-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं.

पेठेतली_वैनी:
सांगतो ऐक. कपिलतीर्थात सकाळी लवकर जा, पोकळा, तांदळी, चाकवत, मेथी जे ताजं दिसंल ते घे, शेवग्याचा पाला कुणाच्या परड्यात असला तर फुकट मिळतोय. भाजी लोखंडाच्या कढईत कर, नॉनस्टिक ठेव बाजूला. जोडीला कारळ्याची चटणी आणि बाजरीची भाकरी, पण उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडती म्हणत्यात तर ज्वारीची कर. आणि हुलगे (कुळीथ) लक्ष्मीपुरीत कुठंबी मिळत्यात, आमच्या आत्याबाई बाळंतिणीला हुलग्याचं माडगं द्यायच्याच, आणि हळीवाचा लाडू. पोरीच्या पोटात काय गेलं ते पहिलं बघायच्या, बाकी सगळं नंतर.

संभाजीनगरकर:
माझ्या बायकोला पण असंच झालेलं. मी तिला रोज सकाळी गंगावेशीत नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचो, ते पण चालू करा, ताकद येते.

आहारवाली_ताई:
@संभाजीनगरकर दादा, काळजी घेताय हे बघून छान वाटलं, पण दुधात लोह जवळजवळ नसतंच, उलट त्यातलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवं येतं. दूध प्या पण लोहाच्या गोळीबरोबर नको, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर ती पण वेगळ्या वेळी. आणि कच्चं दूध नकोच, उकळूनच प्यायचं, विशेषतः गरोदर बाईनं. कॅल्शियमसाठी नाचणी आहेच की, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास असतं. वैनींचं लोखंडी कढईचं बरोबर आहे, टोमॅटो किंवा चिंच घालून आंबट भाजी केली की त्यात लोह जास्त उतरतं, फक्त भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. हळीव मात्र गरोदरपणात टाळतात, बाळंतपणानंतरच.

@रंकाळाकाठ एक विचारायचं राहिलं. पाळी कशी असते? जास्त जाते का?

रंकाळाकाठ:
हो ताई, सात-आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस तर गाठी पण जातात आणि ऑफिसात दर तासाला उठावं लागतं. हे सगळ्यांनाच होतं असं वाटायचं म्हणून डॉक्टरांना सांगितलंच नाही.

आहारवाली_ताई:
मग याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव गं. फायब्रॉईड (गर्भाशयातल्या गाठी), थायरॉईड, कारण काहीही असू शकतं आणि ते सापडल्याशिवाय कितीही खाल्लंस तरी वरनं भरायचं आणि खालनं जायचं. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा कळतो ते) आणि बी१२ पण तपासायला सांगतील बहुतेक. जाताना पाळीच्या तारखा आणि दिवसाला किती पॅड लागतात ते लिहून ने.

पेठेतली_वैनी:
व्हय, आधी दाखवून ये. आणि माडगं असं कर, हुलगे खमंग भाजून दळून आण, दोन चमचे पीठ पाण्यात कालवायचं, लसूण जिऱ्याची फोडणी देऊन त्यात ओतायचं, मीठ टाकून चांगलं उकळू द्यायचं आणि हालवत राहायचं नायतर गुठळ्या होत्यात. लिंबू खाली उतरवल्यावर पिळ. रात्री भाकरीबरोबर वाटीभर घे, पोरांना बी दे.