हेलसिंकीत नीट जेवायला कुठे मिळेल? सोबत अंडंही न खाणाऱ्या सासूबाई (मदत हवी आहे)

ओलीभेळ

नमस्कार मंडळी,

नवऱ्याचं हेलसिंकीत ऑफिसचं काम निघालंय, म्हणून आम्ही सगळेच निघालोय. १९ जूनला, शुक्रवारी दुपारी उतरू आणि महिनाअखेरीपर्यंत राहू. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. कांदा-लसूण त्यांना चालतो, पण मांस, मासे, अंडं यांतलं काहीही चालत नाही, केकमधलंसुद्धा नाही. मध्ये एक एकादशीही येते. मुलगा ब्रेड आणि बटाट्यावर जगू शकतो. मला मात्र मासे खायचेत, आणि तिथले म्हणूनच खायचेत. पिझ्झा खायला फिनलंडला कशाला जायचं?

राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली आहे. रोज घरी रांधायची माझी तयारी नाही, रोज चौघांनी बाहेर जेवायचं बजेटही नाही. यू-ट्यूबवर सगळे तोच एक दालचिनी रोल आणि रेनडिअर दाखवतात. तिथे राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या कुणी नीट सांगेल का? साजूक तूप आणि थोडे आंबे घेऊन जायचा विचार आहे. कुकर न्यावा का?

शेवगा

बाकीचं नंतर, आधी तारीख बघा. १९ जून शुक्रवार म्हणजे यूहान्नुसचा आदला दिवस. ऐन उन्हाळ्याचा सण, तिथल्या दोन मोठ्या सणांपैकी एक. अख्खं शहर तळ्याकाठच्या लाकडी घरांत पळतं. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बरीच रेस्टॉरंटं बंद असतात, रविवारीही सगळी उघडतात असं नाही. दुकानांच्या वेळांवरची बंधनं २०१६ पासून उठली आहेत, त्यामुळे मोठ्या सुपरमार्केटांपैकी काही उघडी असतात, पण वेळ कमी असतो. पहिल्या दोन रात्रींचं जेवण सोबत असू द्या. थेपले, मेतकूट, चटणी, जे काय असेल ते.

उत्तरायण

बरीच वर्षं इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओलीभेळताई, इथे एकच गोष्ट कळली तर निम्मा खर्च वाचतो: मुख्य जेवण दुपारी, आणि सोमवार ते शुक्रवार. याला इथे लोउनास म्हणतात. साडेदहा-अकराला सुरू होतं, दोनच्या सुमारास आटोपतं. साधारण १२ ते १५ युरोत गरम पदार्थ, सॅलड, ब्रेड-लोणी, पाणी आणि बहुतेक ठिकाणी कॉफी. त्याच रेस्टॉरंटात संध्याकाळी नुसती एक मुख्य डिश २० ते ३० युरोला जाते. दुपारी पोटभर गरम जेवायची सवय इथे शाळेपासूनच लागते. १९४८ पासून सगळ्या शाळांत मुलांना फुकट जेवण आहे, आणि पुढे बऱ्याच कंपन्या लोउनासच्या खर्चाचा काही भाग उचलतात. म्हणून ऑफिसांच्या भागातली साधी, पाटी लावलेली जागा शोधायची. पर्यटकांच्या चौकातली नाही.

सासूबाईंसाठी. मेनूवर पदार्थापुढे अक्षरं असतात. एल म्हणजे लॅक्टोज नाही, एम म्हणजे दूध अजिबात नाही, जी म्हणजे ग्लुटेन नाही. यातलं एकही अक्षर अंड्याबद्दल बोलत नाही! 'कास्विस' लिहिलेलं शाकाहारी असतं, पण त्यात अंडं असू शकतं. 'वेगानी' लिहिलं असेल तर निर्धास्त. शंका आली तर सरळ इंग्रजीत विचारा, सगळ्यांना येतं. युरोपीय नियमाप्रमाणे अंड्याची माहिती द्यावीच लागते, त्यामुळे कुणी वैतागत नाही. पाकीटबंद मालावर ॲलर्जीचे पदार्थ ठळक अक्षरांत छापतात. 'कानानमुना' किंवा नुसतं 'मुना' दिसलं की ठेवून द्या. मुलाच्या जेलीच्या गोळ्यांवर 'लीवाते' दिसेल, ते जिलेटिन.

आता वाईट बातमी. तो यू-ट्यूबवाला रोल, कोर्वापूस्ती, त्याच्या पिठात बहुधा अंडं असतं आणि वरूनही अंड्याचा हात फिरवलेला असतो. काही बेकऱ्यांत वेगन मिळतो, विचारून घ्या. तुम्ही मात्र नक्की खा. दालचिनीपेक्षा मला त्यातली वेलची आवडते. भरड कुटलेली, सढळ हाताने घातलेली. बुलेवार्दी रस्त्यावर एकबर्ग कॅफे आहे, १८५२ पासूनचं. क्लूविकातूवरचं फाझेर १८९१ चं. दोन्हीकडे एकदा बसावं, रोज परवडणार नाही.

सासूबाईंचा खरा मित्र कर्यालानपीराक्का. राईच्या (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य, इंग्रजीत rye) पातळ पारीत दुधात शिजवलेला भात, बोटभर चुण्या घालून भाजलेला. कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो. सारणात सहसा अंडं नसतं, तरी पाकीट बघा. वर लावायला जे पिवळं लोणी देतात, मुनावोई, त्यात मात्र उकडलेलं अंडं कुस्करलेलं असतं. ते नको म्हणायचं. घरी गरम करून साधं लोणी लावलं की झालं.

आणि दहीभाताची चिंता सोडा. 'तुर्क्कीलाइनेन योगुर्त्ती' म्हणजे दहा टक्के स्निग्धांशाचं घट्ट दही. 'पीमा' म्हणजे कार्टनमधलं ताक, जरा दाट आणि आंबट. पाणी घालून जिरं-मीठ टाकलं तर माझ्या आईला फरक कळला नव्हता.

एकादशीला नवे बटाटे! जूनमध्ये इथे त्यांचं फार कौतुक असतं, बाजारात लिटरच्या मापाने विकतात. सालासकट उकडायचे, लोणी, मीठ. इथले लोक वर शेपू घालतात. शेपू इथे सगळ्यावर घालतात, आत्ताच सांगून ठेवतो.

खमंगकाकडी

एवढं कशाला? हेलसिंकीत नेपाळी रेस्टॉरंटं पावलोपावली आहेत. दुपारचं बुफे घ्या, पनीर, भात, नान, डाळ, सॅलड. सासूबाई खूश, प्रश्न मिटला. आम्ही तेच केलं.

उत्तरायण

@खमंगकाकडी, दोनदा-तीनदा ठीक आहे. पण बऱ्याच ठिकाणी मेनू जवळपास सारखाच, ग्रेव्ही क्रीमची आणि गोडसर. तिखट सांगितलं तर करतात. आणि बुफेत चिकनचा चमचा पनीरच्या भांड्यात जातोच. सासूबाईंना ते चालणार आहे का, हे ताईंनी ठरवावं. मी असतो तर बुफेऐवजी ताट मागवलं असतं.

शेवगा

तूप आणि आंब्याचं कुणी बोललंच नाही. दोन्ही नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची बर्फी, चीज, सगळं त्यात आलं. ताज्या फळांना आणि पाल्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्यांना सूट आहे, आंब्याला नाही. कढीपत्त्याची जुडीही राहू द्या. पिठं, मसाले, पापड, साबुदाणा चालतो. कुकर न्याच.

ओलीभेळ

बापरे, हापूसची पेटी बांधायलाच बसले होते. शेवगा, अनेक आभार. सासूबाईंना तुपाचं सांगितलं, त्या म्हणाल्या तिथलं लोणी आणून मीच कढवते. विषय संपला.

उत्तरायण, चुलीवरून हात काढल्यासारखं वाटलं वाचून. पण माझ्या माशांचं राहिलं. आणि शनिवार-रविवारचं काय करायचं?

बांगडा_फ्राय

माशांसाठी मी आलेच. कामानिमित्त तिथे राहिलेली आहे.

पहिला मान लोहिकेइत्तोला, म्हणजे साल्मनच्या सूपला. साल्मन, बटाटा, क्रीम, वर शेपू, सोबत राईचा काळा ब्रेड. बंदराजवळचं जुनं मार्केट, वान्हा कौप्पाहल्ली, १८८९ ची लाल-पिवळ्या विटांची इमारत. आत सूप मिळतंच, आणि नुसतं फिरायलाही छान. बाहेर कौप्पातोरीच्या, म्हणजे बाजारचौकातल्या तंबूंत मुइक्कू तळून देतात. बोटाएवढे मासे, राईच्या पिठात घोळवलेले, काट्यासकट खायचे. मांदेली खाणाऱ्याला शिकवायला नको. दर पर्यटकी आहेत, तरी मुइक्कू तिथेच खा, आणि पाठ भिंतीला लावून खा. सीगल हातातून घेऊन जातात, अजिबात अतिशयोक्ती नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा.

सिलाक्का म्हणजे बाल्टिकमधला छोटा हेरिंग. तळलेला सिलाक्का आणि कुस्करलेला बटाटा खायला सी हॉर्सला जा, उल्लानलिन्ना भागात. १९३० च्या दशकातलं, भिंतीवर मोठे समुद्रघोडे रंगवलेले, ताटं भरगच्च. तिथे संध्याकाळी गेलात तरी पैसे वसूल होतात. कॉस्मॉस १९२४ चं, जास्त कडक इस्त्रीतलं, नवऱ्याच्या ऑफिसने बिल दिलं तर जा.

रेनडिअर एकदा चाखायला हरकत नाही, पातळ काप लोण्यात परतून बटाट्यावर, सोबत आंबट लिंगनबेरी. माझं मत विचाराल तर त्या पैशात दोनदा सूप होतं.

हाकानिएमीला आधी जा, बंदरावर नंतर. तिथलं १९१४ चं मार्केट दुरुस्तीसाठी बरीच वर्षं बंद होतं, २०२३ ला उघडलं. स्थानिक लोक तिथेच खरेदी करतात. आसपास आशियाई किराण्याची दुकानं आहेत, डाळ, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर मिळते. पण मार्केट रविवारी बंद असेल असं धरूनच चाला.

शनिवार-रविवारी मी सुओमेनलिन्नाला, बेटांवरच्या जुन्या किल्ल्यात, जायचे. कौप्पातोरीवरून बोट, पंधरा मिनिटं, शहराचं साधं बस-ट्रामचं तिकीट चालतं. डबा घेऊन जा आणि तटावर बसा. स्ट्रॉबेरी तोवर आली असेल. नशीब असेल तर मटारच्या शेंगाही, लिटरने घेऊन रस्त्यातच सोलून खातात. सासूबाईंना ते फार आवडेल बघा.

खमंगकाकडी

गुरुवारचं राहिलं. बऱ्याच लोउनासच्या जागी गुरुवारी हिरव्या वाटाण्याचं दाट सूप आणि ओव्हनमधलं पॅनकेक असतं. सूपमध्ये डुकराचं मांस असतं आणि पॅनकेकमध्ये अंडं, म्हणजे सासूबाईंना दोन्ही बाद. पण सुपरमार्केटात शाकाहारी सूपचा डबा मिळतो. वरून हिंग-जिऱ्याची फोडणी दिली की भातावर मस्त लागतं.

ओलीभेळ

तर बेत असा: पहिले दोन दिवस थेपले आणि सुपरमार्केट. सोमवारपासून दुपारी लोउनास, रात्री कर्यालानपीराक्का, पीमा आणि कुकरचा भात. एका संध्याकाळी मी आणि नवरा सी हॉर्स, तोवर आजी-नातू घरी.

शेवटचा प्रश्न. सूर्य अकराच्या आसपास मावळतो म्हणे. मग रात्रीचं जेवण लोक किती वाजता जेवतात?

उत्तरायण

घरी पाच-सहालाच. उजेडावर जाऊ नका. पावणेअकरालाही लख्ख संध्याकाळ असते, पण बऱ्याच रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं नऊच्या सुमारास आवरायला लागतात. सी हॉर्सला सहा-साडेसहाचं टेबल आधी सांगून ठेवा. टिप द्यायची गरज नाही, पाणी नळाचं मागा, फुकट असतं. आणि सिलाक्का मागवताना शेपू नको असेल तर तेव्हाच सांगा.