वर्गात दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे, नोट्स आणि आलेखांचं काय करू?

प्रश्न: तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. यंदा एफवायबीएला पूर्ण अंध मुलगी आलीय. मोबाइल सफाईने वापरते, पण ग्रुपवर टाकलेल्या माझ्या पीडीएफ तिचा फोन वाचत नाही म्हणते. ब्रेल छपाईची सोय जवळपास नाही. आणि आलेख कसे शिकवायचे?

उत्तर १: सर, मी स्वतः अंध, बीए-एमए करून सध्या बँकेत आहे. ब्रेलचं नंतर बघू, आधी त्या पीडीएफ बघा. पानांचे फोटो काढून बनवल्या असतील तर टॉकबॅकला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयीला, ते नुसतं चित्र. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या असतील तर त्याहून वाईट: इंग्रजी अक्षरं आणि कंस-कॉमांची खिचडी ऐकू येते. नव्या नोट्स युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं तेच) टाइप करा, वर्ड फाइलच पाठवा. फोटोंच्या जुन्या पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. तक्ते मात्र हाताने नीट करावे लागतात.

फळ्यावर "हे इथून असं खाली येतं" म्हणालात की आमचा तास तिथेच संपला. "उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नग, मागणीची रेघ डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे उतरते", एवढं बोललात तरी पुरे. मागच्या बाकावरच्यांनाही तेव्हाच कळतं, हा माझा अनुभव!

आमच्या मॅडमनी पुठ्ठ्यावर फेविकॉलने मागणीला सुतळी, पुरवठ्याला लोकर चिकटवली होती. छेदतात तिथे टिकली. बोट टिकलीवर थांबलं की तो समतोल बिंदू.

एक विनंती, तिला काय हवंय ते तिलाच विचारा, मैत्रिणीला नको. आमच्याबद्दल शेजारच्याला विचारायची लोकांना भारी सवय.

उत्तर २: परीक्षेचं आत्ताच बघा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक (सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. विद्यापीठाचा अर्ज वेळेत भरून घ्या आणि पर्यवेक्षकाच्या हातात लेखी आदेश द्या. नाहीतर तीन तास झाले की पेपर ओढतात, पाहिलंय मी.

प्रश्नकर्ता: ड्राइव्हचा प्रयोग केला. एका जागी 'तटस्थता वक्र'चं 'तटस्थता चक्र' झालंय, बाकी ठीक. टिकली कोणती घेऊ?

उत्तर १: प्लास्टिकच्या खड्याची. मखमली घेतलीत तर बोटाला ती आणि लोकर सारखीच लागणार.