ॲप बंद केलं की रॅम पुसावी का?

सातपूरकर : नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळची फॉर्म भरून देणारी दुकानं घ्या, नाहीतर शरणपूर रोडवरची सीए ऑफिसं. एकाच पीसीवर दिवसभर लोकांचे आधार, पॅन, जीएसटीचे पासवर्ड. दर गिऱ्हाइकानंतर ॲप बंद करून रॅम क्लीनर (रॅम मोकळी करणारं ॲप) चालवण्याची सक्तीच हवी, म्हणजे रॅममध्ये काही उरायला नको.

बिटको_चौक : सक्ती करायचीच तर क्लीनर काढून टाकायची करा. प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) संपली की विंडोज तिची पानं, म्हणजे रॅमचे तुकडे, दुसऱ्या प्रोसेसला देण्याआधी शून्यांनी भरतं. क्लीनर उलट चालू ॲप्सचा वर्किंग सेट, म्हणजे त्यांनी रॅममध्ये धरलेली पानं, रिकामा करतात; त्यातली बदललेली पानं मग पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर जाऊ शकतात. रोगापेक्षा औषध भारी!

सातपूरकर : देण्याआधी पुसतं, पण तोवर? लिनक्स तर एरवी पान पुढच्याला देतानाच पुसतं. सोडतानाच पुसायचं तर कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) सुरू होताना 'इनिट_ऑन_फ्री=१' द्यावं लागतं, तेही ५.३ आवृत्तीपासून. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी मशीन बंद केल्यावर रॅममधून एन्क्रिप्शनच्या किल्ल्या काढून दाखवल्यात.

बिटको_चौक : दाखवल्या की. पण ज्याच्या हाती मशीन लागलं तो रॅम गार करत (गार रॅममधला डेटा जास्त वेळ टिकतो) बसेल की सरळ डिस्क काढेल? ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या. हायबरफिल (हायबरनेट करताना रॅम जिच्यात उतरते ती डिस्कवरची फाइल) जाते, फास्ट स्टार्टअपही बंद होतं. रजिस्ट्रीत 'क्लिअरपेजफाइलॲटशटडाउन' १ करून बंद होताना पेजफाइल पुसता येते, पण जुन्या हार्डडिस्कवर १६ जीबीची पेजफाइल पुसताना शटडाउन रेंगाळतं. मग कोणीतरी वैतागून बटण दाबून ठेवतं आणि फाइल अर्धवटच पुसली जाते. त्यापेक्षा बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) लावा.

द्राक्ष_आणि_कोड : ॲप लिहिणाऱ्याला दोघांनीही मोकळं सोडलंत. सी भाषेत मेमसेटने मेमरी पुसून लगेच फ्री केली (सोडली), की 'हे पुढे कोणी वाचतच नाही' म्हणून कंपायलरचा ऑप्टिमायझर ती पुसण्याची ओळच गाळू शकतो. 'एक्सप्लिसिट_बीझिरो' किंवा विंडोजवर 'सिक्युअरझिरोमेमरी' वापरा. जावातली स्ट्रिंग तर नीट पुसताच येत नाही, तिथे कॅरॅक्टर ॲरे घ्या. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड मॅनेजरचं तेच झालं : मास्टर पासवर्ड टाइप करताना डॉटनेटच्या स्ट्रिंग मागे उरायच्या आणि मेमरी डंपमधून (रॅमच्या नकलेतून) पहिलं अक्षर सोडून बाकीचा पासवर्ड मिळायचा. दुरुस्ती २.५४ मध्ये आली.

सातपूरकर : दुकानदार काय कोड बदलणार? पीडीएफ रीडर बंद केला तरी आधारची फाइल स्टँडबाय लिस्टमध्ये, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून रॅममध्ये ठेवलेल्या पानांत, राहते. मायक्रोसॉफ्टच्या रॅममॅप टूलमधून 'एम्प्टी स्टँडबाय लिस्ट' करणं त्याला जमेल.

बिटको_चौक : जमेल. आणि तीच पीडीएफ डाउनलोड्समध्ये पडलीय, तिचं काय?