दिवसातून चारदा पिशवी दाबून लघवी काढावी लागते, अशी खार किती दिवस जगवायची?

कृष्णाकाठचा

आमच्या घरात एक खार आहे. नाव ठमी. वय अंदाजे सव्वा वर्ष, वजन ९४ ग्रॅम (सोनाराकडचा जुना काटा मिळाला, त्यावर रोज सकाळी बसवतो). गेल्या वर्षी समोरच्या प्लॉटवरचा गुलमोहर तोडला, त्या संध्याकाळी मांजराच्या तोंडातून तिला सोडवलं. पाठीवर दातांच्या खुणा, मागचे दोन्ही पाय लुळे. दोन दिवसांत मरेल, असं गल्लीतला प्रत्येकजण सांगून गेला. मेली नाही.

पुढच्या दोन पायांवर सरपटत ती सगळं घर फिरते. पडद्यावर चढते, उतरवून मात्र आम्हाला घ्यावं लागतं. शेंगदाणा हातात धरून खाताना बघितलीत तर हिला काही झालंय असं वाटणार नाही. गोम अशी की मणक्याला मार बसल्यामुळे लघवीची पिशवी तिची तिला रिकामी करता येत नाही. सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री साडेनऊ, असं चार वेळा पोट हलकं दाबून लघवी काढावी लागते. भरलेली पिशवी बोटाला ओल्या वाटाण्यासारखी लागते. टिशूवर रुपयाएवढा डाग पडला की काम झालं.

आता तिसऱ्यांदा इन्फेक्शन झालंय. उग्र वास, टिशूवर गुलाबी डाग, त्यात पांढरा गाळ. मांडीच्या आतली कातडी लघवीनं सोलवटलीय. इथले डॉक्टर मुख्यतः म्हशी आणि कुत्री बघणारे, पण माणूस भला. परवा म्हणाले, "सुई देऊन सोडवू या का, घरी बोलून घ्या." घरी दोन तट पडलेत. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून इथे लिहितोय. गुळमुळीत बोलू नका.

रानवाट

गुळमुळीत नको म्हणालात म्हणून सांगतो. चूक सव्वा वर्षापूर्वीच झाली. पाळीव खार अशी काही गोष्ट नसते. जखमी रानटी प्राणी मिळाला की वनखात्याला कळवायचं, १९२६ हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. अनुसूचीतला, म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीतला, प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांत कळवून सोपवायचा, असं कलम ३९ सांगतं. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे असल्या प्राण्यांवर उपचार होतात. तुम्ही तिला वाचवलंत खरं, पण कशासाठी? पडद्यावर चढण्यासाठी?

माईचा अंगणा

रानवाट, सांगलीहून नागपूरला ९० ग्रॅमचं जखमी पिल्लू न्यायचं? एसटीनं की विमानानं?

रानवाट

१९२६ ला फोन करायला एसटी लागत नाही. तुमच्याच जिल्ह्यात वनखात्याचं ऑफिस आहे.

अर्धवटराव

एक शंका. पाठीवर पट्टे किती? तीन की पाच? जुन्या अनुसूची ४ मध्ये नाव होतं ते पाचपट्टी खारीचं. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूच्याच नव्यानं मांडल्या, त्यामुळे आज नेमकं कुठे काय बसतं ते वनखात्यालाच विचारलेलं बरं. (रामानं तीन बोटं फिरवली हे सगळ्यांना माहीत आहे. पाचपट्टीवर कुणी पंजा फिरवला?)

कृष्णाकाठचा

तीन पट्टे. आणि फोन केला होता. आलेल्या माणसानं बघितलं, म्हणाला ही सोडण्यासारखी नाही, जगतेय तोवर जगू द्या. लेखी काही दिलं नाही, मीही मागितलं नाही. ते मागायला हवं होतं, हे मान्य.

माईचा अंगणा

मग प्रश्न मिटला. जगतेय तोवर जगू द्या. घरात माणूस अंथरुणाला खिळला, नळी लावली, डायपर आले, म्हणून आपण सुईचा विचार करतो का? आमच्या सासऱ्यांचं चार वर्षं केलं. शेवटच्या वर्षी ओळखत नव्हते, पण चहाचा वास आला की डोळे उघडायचे. ठमी शेंगदाणा धरून खाते ना? मग तिचं तिला पुरेसं आहे. जनावराला "आपण अपंग आहोत" हे दुःख नसतं, ते आपलं दुःख.

झाडावरचा

माई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण सासऱ्यांना तुम्ही विचारू शकत होता. निदान सुरुवातीला. खार ही भक्ष्य असलेली जात. दुखलं तरी दाखवायचं नाही, दाखवलं की ससाणा किंवा मांजर उचलणार, हे तिच्या रक्तात आहे. त्यामुळे "खाते, खेळते, म्हणजे बरी आहे" हा पुरावा लंगडा आहे. पिशवी सुजलेली, लघवीतून रक्त, त्यावर दिवसातून चार वेळा दाब. आपल्याला साधं मूत्रमार्गाचं इन्फेक्शन झालं तर आपण कसे वागतो ते आठवा.

आणि झाडावरून झाडावर उडी मारणं हेच जिचं आयुष्य, तिच्यासाठी अडीच खोल्यांची फरशी म्हणजे काय, याचा विचार तरी करा.

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, ससे आणि गिनीपिग नेहमी बघतो, खारी कधीमधी. तत्त्वज्ञान होऊ द्या, पण आधी चार गोष्टी तपासा, कारण मला इथे उपचार पुरे झालेत असं वाटत नाही.

तीनदा इन्फेक्शन होतं याचा साधा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो की पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. तळाला लघवी उरते, त्यात जंतू वाढतात, गाळ बसतो. अँटिबायोटिकनं आठ दिवस बरं वाटतं, उरलेली लघवी तिथेच असते, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डाग पडला म्हणून थांबू नका. थोडं थांबून पुन्हा चाचपा, वाटाणा सपाट झाला का ते बघा. आणि आधीच्या दोन्ही वेळी लघवी कल्चरला (जंतू कोणते, त्यांना औषध कोणतं लागू पडतं, ही तपासणी) पाठवली होती का? नसेल, तर औषध अंदाजानं चाललंय.

दुसरं, सगळ्यात महत्त्वाचं. पिशवी दगडासारखी घट्ट लागली आणि हलक्या दाबानं थेंबही आला नाही, तर जोर लावायचा नाही. वाट बंद झालेली असते, दाबलं तर पिशवी आत फुटते. त्या क्षणी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही.

तिसरं, खाणं. शेंगदाण्यात कॅल्शियमच्या चौपट फॉस्फरस असतो, सूर्यफुलाच्या बियांत तर आठपट. हाडांना हे प्रमाण उलटं लागतं, कॅल्शियम जास्त. घरात वाढलेल्या कितीतरी खारींचे मागचे पाय मांजरामुळे जात नाहीत, शेंगदाणे, पोळी आणि ग्लुकोज बिस्किटांमुळे हाडं ठिसूळ होऊन जातात. शेंगदाणा आठवड्यातून एखादा. नाचणी चांगली, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ऊन खिडकीच्या काचेतून नको, अंगात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरणच काच अडवते.

सोलवटलेल्या कातडीवर घरातलं डायपर रॅशचं मलम लावू नका, त्यात झिंक असतं आणि ती चाटणार. कोमट पाण्यानं पुसून पूर्ण कोरडं करा, खाली फ्लीसचं कापड घाला. भुसा नको.

अर्धवटराव

डॉक्टर, पण लघवीत पांढरा गाळ म्हणजे कॅल्शियमच ना? मग कॅल्शियम वाढवा कसं म्हणता? आमच्या सशाचं कॅल्शियम बंद करायला सांगितलं होतं.

गोठ्यातला डॉक्टर

सशाची गोष्ट वेगळी. ससा जादा कॅल्शियम लघवीवाटेच टाकतो, त्याची लघवी तशीही गढूळ असते. खारीला तो नियम लावू नका. गाळ कसला आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली कळेल, खडा आहे का ते एक्सरेत. त्याआधी कॅल्शियम बंद केलं तर मूत्राशय वाचवताना हाडं घालवून बसाल. पालक मात्र आत्ताच थांबवा, त्यातल्या ऑक्झलेटची (कॅल्शियमशी मिळून खडे करणारं द्रव्य) इथे गरज नाही. काकडी, दुधी देत जा, पोटात पाणी जाईल.

चानी गोंयचो

आमच्याकडे खारीला चानी म्हणतात. माझ्याकडे असाच एक नर होता, माडावरून पडलेला. आठ महिने केलं. डॉक्टर वर जे दगडासारखी पिशवी म्हणतात ना, तेच. रात्री अकरा वाजता घट्ट लागली, मी घाबरून दाबली. एकदम मऊ झाली. मला वाटलं सुटला बिचारा. पहाटे गेला.

मी "सोडवा" म्हणणाऱ्यांत आहे. माया कमी म्हणून नाही. आपल्या बोटांवर कुणाचा जीव असू नये, बोटं थकतात.

माईचा अंगणा

वाईट वाटलं वाचून. तरी म्हणते, तुमची एक चूक झाली म्हणून सगळ्यांनी हार का मानावी?

झाडावरचा

माई, "हार" हा शब्द कुणाच्या बाजूचा आहे ते बघा. खार काही लढाई लढत नाहीये. लढतोय आपण.

लेस्टरकर

इथली गंमत सांगतो. आमच्या बागेत येणारी राखाडी खार अमेरिकेतून आणलेली, म्हणून उपद्रवी परकी जात. २०१९ पासून इंग्लंडमध्ये, जखमी राखाडी खार उचलून बरी केली तरी परत सोडायला परवाना मिळत नाही, सोडणं बेकायदा. धडधाकट असली तरी. म्हणजे उचलली की एक तर कायमचं ठेवायचं, त्यालाही परवाना लागतो, नाहीतर सुई. लोक म्हणून बघून न बघितल्यासारखं करतात. आपल्याकडे कायदा ढिसाळ असेल, पण त्या ढिसाळपणात ठमी सव्वा वर्ष जगली एवढं खरं.

रानवाट

हेच ते. ढिसाळपणाचं कौतुक. उद्या हा धागा वाचून दहा जण खारीची पिल्लं घरात आणतील, गाईचं दूध पाजतील, उताणं धरून ड्रॉपर तोंडात घालतील, आणि दूध फुप्फुसात जाऊन नऊ मरतील. दहाव्याचा व्हिडिओ निघेल.

सरळसोट

सगळं वाचलं. एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही. कृष्णाकाठचा, हे सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ५ कोण करतं? तुम्ही नोकरी करता, मुलगी शाळेत असणार. पोस्टमध्ये सगळीकडे "काढावी लागते", "बसवतो". दुपारी १२ ला घरात कोण असतं?

कृष्णाकाठचा

आई.

सरळसोट

वय?

कृष्णाकाठचा

७१. रात्रीची वेळ माझी असते, म्हणजे असायची. हल्ली तीही आईच करते, कारण माझ्या हातात ठमी अंग आकसून घेते. गेल्या वर्षी मामाच्या नातवाचं लग्न होतं कराडला, आई गेली नाही. पंढरपूरला दरवर्षी जायची, यंदा नाही गेली. मी पोस्ट लिहिताना हे मुद्दाम लपवलं नव्हतं. सुचलंच नाही. तुम्ही विचारल्यावर तासभर नुसता बसलो होतो.

सरळसोट

मग "खार जगवावी का" हा तुमचा प्रश्नच नाही. तुमच्या घरात एका बाईनं वारी सोडलीय आणि धागा खारीच्या मूत्राशयावर चाललाय. माझं मत सुईच्या बाजूनं आहे, पण ते बाजूला ठेवा. आधी त्यांना विचारा.

माईचा अंगणा

विचारायलाच हवं, पण उत्तर तुम्ही धरलंय तसंच येईल असं समजू नका. बाईमाणूस करतं म्हणजे बिचारीच असते असं नाही. मला सासऱ्यांचं करताना लोक येऊन "किती हो त्रास" म्हणायचे, त्या म्हणण्याचाच जास्त त्रास व्हायचा. पाळी लावून घ्या एवढंच कुणी म्हणायचं नाही.

झाडावरचा

माई, पहिल्यांदाच तुमच्याशी पूर्ण सहमत.

कृष्णाकाठचा

आईला धागा वाचून दाखवला. सगळा, चानीवाल्यांचाही. तो भाग ऐकून ती उठून आत गेली, थोड्या वेळानं आली. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत:

"त्या गोव्याच्या पोराला सांग, त्याची चूक नव्हती. डॉक्टरला सांग, शेंगदाणा मीच देते, तो बंद करते, नाचणीची लापशी करून बघते. त्या वारीवाल्याला सांग, मी खारीमुळं गेले नाही असं नाही, गुडघ्यामुळं गेले नाही, खारीचं नाव सांगायला बरं पडतं. आणि सुईचं मला नका विचारू. मी हो म्हणणार नाही आणि तुम्ही दिलीत तर भांडणारही नाही."

गुडघ्याचं मला माहीत नव्हतं.

काल लघवी कल्चरला दिली. एक्सरे पुण्यात काढायचा ठरलंय, सव्वादोनशे किलोमीटर आहे, शनिवारी निघतो. खडा निघाला आणि ऑपरेशन जमणार नाही असं म्हणाले, तर तिथेच सुई, परत आणायची नाही, हे मुलीशीही बोललो. ती रडली, पण येते म्हणाली. नुसता गाळ असेल तर कल्चरप्रमाणे औषध, आणि त्यानंतर महिन्याभरात पुन्हा रक्त दिसलं तर तेव्हाही सुईच.

झाडावरचा

मी अजूनही म्हणेन, पुण्याचा प्रवास हाच तिच्यासाठी छळ आहे. पण निदान कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवलंत.

रानवाट

वनखात्याकडून या वेळी लेखी घ्या. पुण्याला नेताना गाडीत कुणी विचारलं तर हातात कागद हवा. आणि डबा अंधारा ठेवा, वरून कापड टाका, गाणी लावू नका.

गोठ्यातला डॉक्टर

निघायच्या आधी पिशवी रिकामी करा, वाटेत एकदा कराडच्या पुढे थांबून पुन्हा. गार एसी तिच्या अंगावर नको.

कृष्णाकाठचा

हो. कागदासाठी उद्या ऑफिसला जातो. आज साडेनऊची वेळ माझी आहे, आई शेजारी बसून दाखवणार आहे कुठे धरायचं ते. ठमी चावली तर सांगतो.